राजवाड्याला घातलेली रापण

एका राज्यात समुद्र रिकामा झाला. पाणी होतं तेवढंच होतं, भरती-ओहोटी वेळच्या वेळी येत-जात होती, लाटाही आपल्या गर्जनेत कुठे कमी पडत नव्हत्या. पण त्या पाण्यात मासा म्हणून उरला नव्हता. बांगडा नाही, तारली नाही, खडकाच्या फटीत साधा खेकडासुद्धा नाही. हे कसं झालं ते ऐका, आणि जागचे हलू नका, कारण ही गोष्ट पळत सुटते आणि मागे राहिलेल्याला थांबून हाक मारत नाही.

त्या राज्याच्या किनाऱ्यावर पुळणवाडी नावाचं गाव होतं. गावाची मिळून एक रापण होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडी ते दर्यात अर्धगोल सोडून येई, आणि मग बाया-बापे, म्हातारेकोतारे, दोन्ही टोकांचे दोर धरून ते पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ओढून काढत. आणि कायदा असा की, ज्याने दोराला हात लावला त्याला मासळीचा वाटा. तो गावचा असो की वाटेने जाणारा, काठीवर टेकलेला असो की नुसता गंमत म्हणून आलेला, रिकाम्या हाताने कोणी परत जात नसे. रापणीचा मुख्य होता हरबा तांडेल. मोठ्या मनाचा माणूस, पण त्या मोठेपणाचा त्याला गर्वही तेवढाच. वाटा घालताना मिशीला पीळ देई आणि चारचौघांनी बघावं म्हणून मुद्दाम जास्त घाली.

एके दिवशी रापण ओढणं चाललेलं असताना एक उंच, किडकिडीत माणूस पुळणीवर आला. जटा धुराच्या, खऱ्याखुऱ्या धुराच्या. वाऱ्यावर उडत आणि पुन्हा डोक्यावर येऊन बसत. त्याचं नाव धूम्रजट मांत्रिक. त्याने एका बोटाने दोराला स्पर्श केला आणि म्हणाला, "मला माझा वाटा हवा."

"टोपली भरून घे," हरबा म्हणाला.

"या मासळीत मला रस नाही. जे मासे अजून जन्मले नाहीत त्यांचा वाटा दे. सगळ्यांचा."

पुळण हसायला लागली. न जन्मलेल्या माशांचं कोण काय करणार? हरबाने मिशीला पीळ दिला. "दोराक हात लागलो म्हंजे नाय म्हणूचा नाय. दिलो वाटो! घेवन जा!"

दुसऱ्या कोणत्याही गावाने त्या मांत्रिकाला हाकलून दिलं असतं. पण पुळणवाडीला दोराला हात लावणाऱ्याला नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं, आणि धूम्रजटाला नेमकं हेच ठाऊक होतं.

त्याने कमरेचा शंख काढून समुद्राकडे धरला. दर्याच्या तळापासून वरपर्यंत जेवढी म्हणून मासळीची अंडी होती, ती सगळी पाण्यातून वर उठली, पावसाची सर उलटी जावी तशी, आणि हवेचा स्पर्श होताच प्रत्येक अंड्याचा मोती झाला. मोती शंखात शिरले. उरलेले जाणते मासे हे पाहून जे दूर पळाले ते परतलेच नाहीत. आणि हरबा तांडेल? ज्याच्यावर आपली मालकी नाही ते त्याने देऊन टाकलं होतं. त्याची पावलं जागच्या जागी मिठाची झाली.

"दर भरतीला हे मीठ वर चढेल," धूम्रजट म्हणाला. "ओठांवर पोहोचलं की तुझा शब्द कायमचा झाला. मग या दर्याचा उद्याही माझा आणि परवाही माझा."

मोती घेऊन तो राजा मेरुसेनाकडे गेला. मेरुसेनाला मोत्यांचं वेड होतं. पगडीला मोती, जोड्यांना मोती, पाळलेल्या माकडाच्या शेपटीलासुद्धा मोती. त्याने खजिन्याचे दरवाजे उघडून मोती आत घेतले आणि धूम्रजटाला प्रधान केलं.

हरबाची मुलगी पोवळी. तिला राग पटकन येई आणि हसू त्याहून पटकन येई. त्या दिवशी मात्र तिला दोन्ही आलं नाही. तिने दगडाने मीठ फोडून पाहिलं, ओरखडाही उठला नाही. गोड्या पाण्याचे हंडे ओतले, मीठ विरघळलं नाही. तेवढ्यात भरती आली, आणि मीठ बापाच्या पोटऱ्यांवर चढलं.

"बाबा, दुखता काय?"

"दुखणा नाय गो. लाज वाटता."

पोवळीने डोळे पुसले आणि भोवती पाहिलं. किनाऱ्याच्या खांबावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मासा मिळत नसला तरी पंख वाळवायची त्याची सवय सुटली नव्हती. तो म्हणाला, "रडून झालं असेल तर माझं ऐक. पोटात अन्न नसल्याने मला मोठी अक्कल सुचली आहे. कासवीण आजीकडे जा. तिचंही नुकसान झालं आहे, आणि ज्याचं नुकसान झालं तोच खरी वाट सांगतो."

खडकांच्या पलीकडे कासवीण आजी वाळूत खड्डा खणून बसली होती. खड्डा रिकामा होता.

"त्या शंखाने माझी अंडीही वाळूतून ओढून नेली, ती आता राजाच्या खजिन्यात आहेत," ती म्हणाली. "तुझा बाप पुळणीवर अडकला आहे. दोघींचं औषध एकच. मोती ओढून पुन्हा समुद्रात आणले, तर मांत्रिकाच्या वाट्यात काही उरणार नाही."

"कशान ओढू?"

"तुमच्या रापणीने. पण तीन गोष्टी आण. न तुटणारा दोर. न बुडणारे तरंड, जे जाळ्याचा काठ वर धरतात. आणि असे हात, जे दोर ओढतील पण वाटा मागणार नाहीत."

पोवळीला पहिल्या दोन गोष्टी कठीण वाटल्या आणि तिसरी अशक्य. पण तिने तोंडाने एवढंच म्हटलं, "येतंय," आणि धावत सुटली. पाणकावळा बडबड करत मागोमाग उडाला.

न तुटणारा दोर खाडीतल्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, रानात होता. तिथे तिवरीण राहत असे. तिचे केस म्हणजे तिवरांची मुळं, आणि तिने घट्ट धरून ठेवले म्हणून खाडीचे काठ शाबूत होते. पण पोवळी पोहोचली तो काय, रानात खाडखाड आवाज चाललेला! प्रधान धूम्रजटाने मंतरलेल्या कुऱ्हाडी सोडल्या होत्या. त्यांना माणूस लागत नव्हता. जे उभं दिसेल त्याच्यावर त्या आपणहून तुटून पडत.

पोवळीने हात वर केले आणि झाडासारखी ताठ उभी राहून ओरडली, "माका तोडा!"

कुऱ्हाडी वळल्या. सगळ्याच्या सगळ्या रान सोडून तिच्या मागे लागल्या. पोवळी पळाली ती सरळ खाडीच्या मध्यावर, जिथे कमरेएवढा चिखल, आणि कालवं वेचणाऱ्या बाया फळकुटावर पोट टेकून सरपटत जातात. तिथे एक फळकूट पडलं होतं. तिने त्यावर अंग टाकलं, पायाने चिखल लोटला आणि सपाट होऊन सरकत गेली. कुऱ्हाडी वरून घोंघावत आल्या. इकडे बघतात, तिकडे बघतात. उभं म्हणून काहीच नाही! त्या गोंधळल्या, एकमेकींवर आदळल्या आणि धपाधप चिखलात पडल्या. चिखलाने त्यांना गिळलं, दांड्यासकट.

चिखलातून तिवरीण वर आली. "काय हवं?"

"दोर होयो."

तिवरिणीने आपल्या केसांची मूठ उपटली, पीळ देऊन दोर वळला आणि तिच्या खांद्यावर टाकला. "तुटणार नाही. पण ओढणाऱ्याचे तळवे सोलून काढील. हे त्यांना आधी सांग, नंतर नको."

आता तरंड. कासवीण आजीने पोवळीला पाठीवर घेतलं आणि बुडी मारली. समुद्राच्या पोटात एक गुहा होती. दर्यात बुडालेल्या प्रत्येक माणसाचा शेवटचा श्वास तिथे बुडबुडा होऊन राहिला होता. बुडबुडे छताला लागून मंद हलत होते.

"नावाने हाक मार," कासवीण म्हणाली. "ते तुझ्या जाळ्याला लागतील आणि कशातही बुडणार नाहीत. मात्र सगळ्यांना हाक गेली पाहिजे. एक जरी राहिला तर कोणीच जागचा हलणार नाही."

पोवळीने पुळणवाडीच्या बुडालेल्यांची नावं घेतली. आजोबांचं घेतलं, चुलत्याचं घेतलं, शेजारच्या जावयाचं घेतलं. त्यांचे बुडबुडे थरथरले, पण जागेवरच राहिले. बाकीचे कोणाचे होते? तिला एकही नाव आठवेना. आठवेल कसं, तिने ती कधी ऐकलीच नव्हती.

वर आल्यावर पाणकावळा म्हणाला, "खडपवाडीच्या लोकांना समुद्र बुडवत नाही अशी तुझी समजूत दिसते."

टेकाडापलीकडची खडपवाडी म्हणजे पुळणवाडीची हाडवैरी. कोणाची पुळण कुठे संपते यावरून भांडण झालं, आणि तेव्हापासून इकडचं कुत्रं तिकडे गेलं तरी परत आल्यावर त्याला कोणी भाकर टाकत नसे. पण भरतीचा आवाज तिच्या कानात घुमत होता. बापाच्या कमरेपर्यंत मीठ आलं असेल. ती टेकाड चढली.

खडपवाडीत तिला पाहताच बाप्ये वल्ही घेऊन उभे राहिले. त्यांच्याही चुली थंड होत्या, पोरं उपाशी होती, आणि समुद्र कोणी घालवला हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांच्यातून एक म्हातारी पुढे आली. तिला सगळे इठाय म्हणत.

"हरबाची चेडू मा तू? कित्याक इलंस?"

"तुमच्या बुडलेल्या माणसांची नावां होयी, आय."

गर्दीत कुजबूज झाली. इठायने हात वर करताच सगळे गप्प झाले. पोवळीने मांत्रिकाचं, मिठाचं, गुहेचं, सगळं सांगितलं. इठाय ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझो झिल, माझो पोरगो, त्या गुहेत आसा. रवळू. वादळात तुमच्या पुळणीसमोर बुडलो. हाका मारी होतो. तुझ्या बापाशीन होडी काढूक नाय."

पोवळीला वाटलं आपल्याच पायांना मीठ लागलं. बापाची बाजू तिने घेतली नाही. "माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली, "पण आता ऐकलंय. रवळूचा नाव पयला घेतंय."

इठाय खाली बसली, पोवळीलाही हाताने ओढून बसवलं, आणि नावं सांगू लागली. बाया जमल्या. एकजण विसरली तर दुसरी आठवण करून देई. पोवळीचं चुकलं की सगळ्या एकदम ओरडत, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. एका सासूने आपल्या बुडालेल्या जावयाचं नाव सांगताना "मेल्याक पोवताच येय नाय होता" असंही ऐकवलं, आणि रडता रडता सगळ्या हसल्या.

सगळी नावं पाठ झाली तेव्हा पोवळी उठली आणि कशीबशी म्हणाली, "आणखी एक मागना आसा. रापण ओढूक हात होये. दोर हात सोलतलो. आणि वाटो कोणाक मेळचो नाय."

"वाटो नाय?" इठायच्या डोळ्यांत चमक आली. "मग आमी येतलों. पुळणवाडीचो वाटो खाण्यापेक्षा फुकट ओढलेला बरा!"

अशी तिसरी गोष्ट सहज मिळाली, आणि दुसरी त्यानंतर. पोवळी गुहेत परतली आणि तिने पहिली हाक रवळूला मारली. मग दोन्ही गावांच्या माणसांना, एकालाही न वगळता. बुडबुडे छताचे सुटले. गुहेच्या तोंडातून बाहेर पडले, पाण्यातून वर आले आणि पाण्यावर न थांबता हवेत उठले. किनाऱ्यावर पुळणवाडीचं जुनं जाळं पसरलेलं होतं. त्याच्या काठाला ते एकेक करून चिकटले, आणि अख्खी रापण जमिनीवरून उचलली गेली, ढगासारखी.

मेरुसेनाचा राजवाडा खाडीच्या टेकडीवर होता. पाणकावळ्याने हाळी दिली. कुठून कुठून त्याची भावकी आली, सगळे भुकेले, सगळे तक्रार करत. त्यांनी जाळ्याची कडा चोचीत धरली आणि राजवाड्याला वळसा घातला. घुमट, बुरूज, हत्तीखाना, सगळं रापणीच्या पोटात आलं. दोराची दोन्ही टोकं पुळणीवर आली. एकाला पुळणवाडी लागली, दुसऱ्याला खडपवाडी. हरबा तांडेल दोघांच्या मध्ये उभा होता, छातीपर्यंत मीठ, आणि भरती चढू लागली होती.

"ओढा!" पोवळी ओरडली.

काय ओढलं म्हणता! टाचा वाळूत रुतल्या, तळव्यांची सालं निघाली, दोर लाल झाला. टेकडीवर राजवाडा गदगदा हलला. झुंबरं किणकिणली, माकड शेपटीचे मोती टाकून पळालं, आणि भिंतींतून जाळं धुक्यासारखं आरपार निघून आलं. फक्त एका जागी ते अडलं. खजिन्याचं दार मेरुसेनाच्या किल्लीने बंद होतं, आणि राजाच्या किल्लीपुढे जादू चालत नाही.

दोर ताणला गेला. पुढे सरकेना.

तेवढ्यात राजा स्वतः टेकडी उतरून आला. मागे शिपाई, बाजूला धूम्रजट. "माझ्या महालाला जाळं घालणारे तुम्ही कोण?"

पोवळीने दोर सोडला नाही. मान वळवून म्हणाली, "महाराज, तुमच्या पगडीचा मोती जरा उन्हाकडे धरा."

राजा संतापला असता. पण खरं सांगायचं तर त्याला कैक दिवस झोप नव्हती. खजिन्यातून टकटक ऐकू येई. बारीक, सतत, आतून कोणीतरी कवच ठोठावावं तशी. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. राजाने मोत्यांना घाबरावं हे बरं दिसत नाही. त्याने पगडीचा मोती काढला आणि उन्हाकडे धरला.

आत एक डोळा होता. काळा, मोहरीच्या दाण्याहून लहान. तो फिरला आणि थेट राजाकडे बघू लागला.

"हे जिवंत आहे," मेरुसेन म्हणाला.

"मोती आहे, महाराज," धूम्रजट म्हणाला.

"मी पाहिलं आहे!" राजाचा आवाज फाटला. त्याने किल्ली कमरेची काढून शिपायाकडे फेकली. "पळ! दार उघड!" आणि राज्यातल्या कोणीही विश्वास ठेवला नसता असं त्याने केलं: जोडे काढले, वाळूत उतरला आणि दोराला हात घातला. त्याचे तळवे सगळ्यांत आधी सोलले, कारण ते सगळ्यांत मऊ होते. तो ओरडला, पण सोडलं नाही.

धूम्रजटाने पाहिलं की खेळ हातचा चालला. तो पोवळीच्या कानाशी आला. भरती हरबाच्या हनुवटीशी होती आणि मीठ त्याच्या खालच्या ओठाला टेकत होतं.

"दोर सोड," मांत्रिक म्हणाला. "या क्षणी तुझा बाप मोकळा करतो."

पोवळीने बापाकडे पाहिलं. त्याला मान हलवता येत नव्हती. डोळे तेवढे होते, आणि त्यांत पाणी होतं. समोर इठाय दोराला लटकली होती, हातांतून रक्त येत होतं, आणि तिने एकदाही मान वर केली नव्हती.

"त्यांनी धरलो हा," पोवळी म्हणाली. "मी कसो सोडू?" आणि तिने जीव तोडून ओढलं.

वर खजिन्याचं दार उघडलं.

मोती निघाले! जिन्यांवरून उसळत, दरबारातून धावत, वेशीतून धो धो. बाजारपेठेतून वाहत आले तेव्हा दुकानदार फळ्यांवर चढले आणि पोरं टाळ्या पिटत बाजूने धावली. रापणीने त्यांना पोटात घेतलं, पुळणीवर आणलं आणि लाटेत सोडलं. खारं पाणी लागताच मोती फुटले. टप, टप, टपटपटपटप! समुद्र रुपेरी झाला. नखाएवढी पिल्लं, लाखो, पाण्यात वळवळत, उड्या मारत, एकमेकांना ढकलत! शेवटचा मोती राजाच्या मुठीतला होता. त्याने तो स्वतः सोडला.

हरबाचे ओठ सुटले. मीठ छातीवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून झरझर उतरलं. लोक नाचले. पोवळीने बापाला मिठी मारली. आणि मग तिला दिसलं की मीठ घोट्यांपाशी थांबलं आहे.

कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. लोकांना समुद्र दिसत होता. कैक दिवसांच्या उपाशी माणसांना पायाशी पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यात पाण्याहून जास्त मासळी. कोणीतरी टोपली घेऊन धावला. मग सगळेच धावले. पदर, पगड्या, हंडे, जे हाताला लागेल ते घेऊन दोन्ही गावं पाण्यात घुसली आणि ती पिल्लं ओंजळी ओंजळींनी उपसू लागली.

हरबाच्या पायांवर मीठ सरसर चढायला लागलं.

धूम्रजट हसला. पहिल्यांदाच, पोट धरून हसला. "मी कशाला श्रम करू? न वाढलेलं उचलायला तुम्हाला माझी गरजच नाही. वाटा माझाच आहे. फक्त आता तो तुम्ही वाहून आणता आहात!"

"थांबा!" पोवळी किंचाळली. "सोडा तेंका! ती अजून मासळी नाय!"

कोणी ऐकेना. भुकेला कान नसतात हे तिलाही कळत होतं. तिचंही पोट पाठीला लागलं होतं. ती एकेकाचा हात धरून ओढू लागली. मीठ हरबाच्या मांड्यांवर आलं. तेव्हा हरबा तांडेल बोलला. मोठ्याने नाही.

"मी हसान दिलंय," तो म्हणाला. "तुमी भुकेन घेतास. दर्याक दोनय सारखीच."

इठाय जवळच होती. तिच्या ओटीत पिल्लं वळवळत होती. घरी तिची नातवंडं वाट बघत होती. तिने ओटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती वाकली आणि हळूच, एकही पिल्लू वाळूत पडणार नाही असं, ओटी पाण्यात रिती केली. उभी राहिली तेव्हा ती रडत होती.

तिच्या शेजारच्या बाईने हंडा वाकडा केला. मग त्यापलीकडच्या बाप्याने टोपली. कोणी शिव्या देत, कोणी डोळे मिटून. टोपल्या रित्या होत गेल्या, आणि मीठ उतरत गेलं. एक तरणा गडी शेवटपर्यंत मूठ आवळून उभा होता. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने दात ओठ खाल्ले, मूठ पाण्यात नेली आणि उघडली.

हरबाची पावलं सुटली. सगळं मीठ एका झोतात उठलं आणि धूम्रजटाला लागलं. हसता हसताच तो मिठाचा पुतळा झाला. पुढची लाट आली, आणि धुराच्या जटांसकट त्याला चाटून गेली.

राजा मेरुसेन सोललेले हात घेऊन उभा होता. त्याने तिथल्या तिथे फर्मान काढलं. मासळी वाढेपर्यंत दोन्ही गावांना राजाच्या कोठारातून धान्य. मासळीची वीण असेल तेव्हा समुद्र बंद, राजाच्या ताटालासुद्धा बंद. तिवरांवर कुऱ्हाड चालणार नाही. आणि किनारा त्यांचा, जे दोर ओढतात. फर्मान वाचायला पाणकावळा नेमला गेला, कारण त्याला गप्प बसवणं कोणाला जमत नव्हतं. कासवीण आजी नवी अंडी घालायला खडकांपलीकडे खड्ड्याकडे निघून गेली होती, आणि तिला कोणी त्रास दिला नाही.

लोक पांगू लागले. इठाय आपला पदर पिळत टेकाडाकडे निघाली होती. हरबाने मोकळ्या पायांनी पहिली पावलं टाकली ती तिच्याकडे. चालायची सवय मोडली होती. तो दोनदा वाळूत पडला, आणि पोवळीने हात दिला तो त्याने घेतला नाही.

"इठाय," तो म्हणाला, "त्या दिसा मी रवळूच्या हाका ऐकलंय. ऐकान होडी काढूक नाय."

दर्या गाजत होता. आता त्या गाजेत मासळीची सळसळही होती. म्हातारी पदराचं पाणी झटकून म्हणाली.

"तो गुहेतसून सुटलो, ह्या तुझ्या चेडवान केलान. तुका माफ केलंय म्हणून सांगूचंय नाय." ती रापणीकडे वळली. जाळं वाळूवर भिजून पडलं होतं. त्याचे बुडबुडे केव्हाच सुटून आकाशात गेले होते. "पण जाळा असा टाकलास तर कुजतला. चल, त्या टोकाक धर."

हरबाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून जाळं झटकलं, आणि मधल्या जागेत एकेक करून दोन्ही गावं येऊन उभी राहिली.

रापण वाळली. मासळी वाढली. ज्या दर्याने त्यांना पोसलं तो तुम्हां-आम्हांलाही पोसो, आणि ही कहाणी ऐकणाऱ्याच्या घरी चूल कधी थंड न होवो.